शिष्यवृत्ती लिपिकांची संघटना आणि आम्ही चौघं

कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल कुणालाच नको असायचं. परीक्षा विभागाला मान होता, लेखा विभागाला कूलर होता, प्रवेशाच्या खिडकीवर चार महिने गर्दी आणि बाकी वर्षभर निवांत चहा. शिष्यवृत्तीच्या टेबलावर मात्र बारा महिने बोलणी खायची. मला ते टेबल मिळालं, कारण मी स्वतः शिष्यवृत्तीवर शिकले होते आणि आमच्या तेव्हाच्या प्राचार्यांना ते माहीत होतं. "तुमच्याच लोकांचं काम आहे, तुम्हीच बघा," असं ते म्हणाले. त्यांच्या आवाजात वाईट काही नव्हतं. त्यांना ती सोय वाटली होती. त्या सोयीच्या खुर्चीत मी निवृत्त होईपर्यंत बसले.

काम काय, तर मुलांचे अर्ज तपासायचे आणि पुढे जिल्ह्याच्या कार्यालयाकडे पाठवायचे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, बँकेचं खातं. एखाद्या कागदावर बापाचं नाव वेगळं पडलं, की अर्ज त्रुटीत जायचा. त्रुटीत गेलेला अर्ज म्हणजे विहिरीत पडलेली बादली. काढता येते, पण दोर शोधायला वेळ जातो. तोवर मुलगा खिडकीशी येऊन विचारायचा, "मॅडम, माझे पैसे तुम्हीच अडवले ना?" कार्यालयातले साहेब विचारायचे, "तुम्हाला एवढंही नीट पाठवता येत नाही का?" दोघांच्या मधे मी, आणि माझ्यासारखी जिल्ह्यातल्या प्रत्येक कॉलेजात एकेक व्यक्ती. आम्ही एकमेकांना ओळखत नव्हतो.

ओळख झाली ती अर्ज कागदावरून संगणकावर गेले तेव्हा. सरकारनं पोर्टल सुरू केलं आणि आम्हा सगळ्यांना एका सभागृहात प्रशिक्षणाला बोलावलं. पुढं पडद्यावर एक साहेब भराभर काहीतरी दाखवत होते. माझ्या शेजारी कन्नड तालुक्यातल्या कॉलेजातला एक माणूस बसला होता. पिशोरचा. उंच, काळासावळा, हातात जाड कडं. त्याच्या घरात तोवर कुणी नोकरी केली नव्हती. बाप मेंढरं घेऊन दिवाळीनंतर बाहेर पडायचा तो पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचा. हा एकटा वसतिगृहात राहून, सरकारी मदतीवर शिकला. तो पडद्याकडं बघत हळूच म्हणाला, "ताई, तुम्हाला कळायलंय का काही?"

"नाही."

"मग मी एकलाच येडा नाय म्हणायचा."

पलीकडून एक पांढरी दाढी पुढं झुकली. सिल्लोडच्या कॉलेजातले ज्येष्ठ लिपिक. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. "समझनेका नक्को," ते म्हणाले, "बस पासवर्ड लिखके रखो. बाकी अल्ला मालिक."

जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघं एका झाडाखाली बसलो आणि फोन नंबर घेतले. पिशोरच्या त्या माणसाला मी भाऊ म्हणू लागले. त्या वर्षी आम्ही तिघांनी एकमेकांना विचारून विचारून पोर्टल शिकून घेतलं. कार्यालयातून कुणी फोन उचलायचं नाही, पण चाचा उचलायचे. नमाजाला गेले असले तर परत करायचे.

आणि मग एका संध्याकाळी धाकटी माझ्या घरी आली.

तिला धाकटी म्हणते, कारण ती मला ताई म्हणायची आणि पुढं अनेक वर्षं मी तिला खरोखरच धाकट्या बहिणीसारखं धरलं. चिकलठाण्याच्या पुढं एका खाजगी नर्सिंग कॉलेजात ती शिष्यवृत्तीचं काम बघायची. प्रशिक्षणात एकदा भेटलेली, तेवढीच ओळख. कडेवर काही महिन्यांचं बाळ होतं. नवरा बाहेर मोटारसायकलवरच बसून राहिला, आत आला नाही. ती स्वयंपाकघरात माझ्यासमोर पाटावर बसली आणि रडत म्हणाली, "ताई, मला निलंबित केलं."

झालं होतं असं. त्या कॉलेजात कधी पाऊलही न टाकलेल्या मुलींच्या नावानं अर्ज भरले गेले होते आणि ते तिच्या लॉगिनमधून पुढं पाठवले गेले होते. चौकशी लागली तेव्हा संस्थाचालकांनी सरळ सांगितलं, आमच्या लिपिकानं केलं, आम्हाला काही माहीत नाही. चौकशीची नोटीस तिच्या नावानं निघाली.

"तू पाठवले होतेस का?" मी विचारलं.

"ताई, ते अर्ज गेले तेव्हा मी बाळंतपणाच्या रजेवर होते. जाताना सरांनी पासवर्ड मागून घेतला. म्हणाले, काम अडायला नको."

"हे तू सांगितलंस का कुणाला?"

"कुणी विचारलंच नाही."

मी भाऊला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, ती एकली गेली तर दारातून हाकलतेन. समदे मिळून जाऊ. आज तिच्यावर आलंय, उद्या आपल्यावर येणार, हे काय सांगायला पायजे का?"

त्या रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारामागच्या खोलीत बैठक झाली. खोलीत लहान मुलांची शिकवणी चालायची, म्हणून फळा होता आणि भिंतीवर बाराखडी होती. ज्यांना फोन केले त्यातले निम्मेच आले. जे आले तेही दाराजवळ बसले, उठून जायला सोपं पडावं म्हणून. चाचांनी शेवया आणल्या होत्या घरून, ईद नुकतीच होऊन गेली होती. खाताना लोक जरा पुढं सरकले.

नावावरून तिथंच वाद झाला. कुणी म्हणालं, संघटना म्हटलं की संस्थाचालक बिथरतील, मंडळ म्हणा. कुणी म्हणालं, लिपिक शब्द नको, हलका वाटतो. चाचा म्हणाले, "लिपिक है तो लिपिक बोलेंगे. शरम कायकी? साहब लोगां की संघटना अलग है, वो उनकू मुबारक." सगळे हसले आणि लिपिक शब्द राहिला. चाचा अध्यक्ष झाले, भाऊ सचिव, मी खजिनदार, जिच्याकडं सांभाळायला खजिनाच नव्हता. धाकटी कोपऱ्यात बाळाला थोपटत बसली होती. तिच्याकडं बघून कुणीतरी म्हणालं की हिच्यासाठी तरी संघटना काढलीच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे अर्धी रजा टाकून जिल्ह्याच्या कार्यालयात गेलो. चौकशी करणाऱ्या साहेबांनी आधी आत घेतलं नाही. आम्ही व्हरांड्यात उभे राहिलो. भिंतीला टेकून, ओळीनं, काही न बोलता. चाचांनी तसंच सांगितलं होतं, आवाज करायचा नाही. येणारे जाणारे बघत होते. दुपारी साहेबांनी बोलावलं. ते चिडलेले होते. "काय पाहिजे तुम्हाला?"

भाऊ पुढं झाला. "साहेब, फकस्त एक इचारा संस्थेला. ही बाई तवा दवाखान्यात होती, तर अर्ज कुणी धाडले?"

साहेबांनी मान वर केली. मग धाकटीकडं, तिच्या कडेवरच्या बाळाकडं पाहिलं. संस्थाचालकांना आमच्यासमोर बोलावलं गेलं आणि तोच प्रश्न विचारला गेला. ते म्हणाले, रजा तोंडी होती, आम्हाला आठवत नाही. रजा होती हे त्यांच्याच तोंडून आलं, तेवढं पुरलं. धाकटीवरचा ठपका निघाला. संस्थाचालकांना समज देण्यात आली, म्हणजे काहीही झालं नाही, हेही खरं. पण ती सुटली. त्या कॉलेजात तिला परत जायचं नव्हतं. भाऊनं ओळखीनं तिला शहरातल्याच दुसऱ्या कॉलेजात लावून दिलं.

त्यानंतरची पाच-सहा वर्षं मी कधी विसरणार नाही. पुढं जे झालं त्यामुळं तर ती अजूनच विसरता येत नाहीत.

आम्ही दोन-तीन गोष्टी तोंडी ठरवल्या होत्या. एकमेकांचा फोन उचलायचा. पासवर्ड कुणालाही द्यायचा नाही, आणि दबाव आला की आधी संघटनेला कळवायचं. संस्थाचालकांकडून काहीही घ्यायचं नाही, जेवणसुद्धा. लेखी काही नव्हतं, पण सगळे पाळायचे. कुणाला धमकावलं की भाऊ मोटारसायकल काढायचा आणि त्या कॉलेजात जाऊन प्राचार्यांसमोर नुसता बसायचा. त्याचं ते बसणं पुरायचं.

एकदा कन्नडकडची एक मुलगी अडली होती. बाप मेंढरं घेऊन बाहेर, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्याचा अंगठा लागत होता, मुदत संपत आलेली. कॉलेजची लिपिक बाई म्हणाली की बाप आल्यावर बघू. भाऊनं ते ऐकलं आणि रजा टाकून तो मेंढरांच्या मागावर निघाला. कुणाच्या शेतात कळप बसलाय, हे विचारत विचारत पार जालन्याच्या पुढं गेला. त्या माणसाला मागं बसवून तहसीलला आणला आणि काम झाल्यावर परत कळपात नेऊन सोडला. मी त्याला म्हटलं, एवढी वणवण कशाला. तो म्हणाला, "ताई, माझ्या टायमाला एक मास्तर असाच आला होता. न्हायतर मी आज कुत्री घेऊन मेंढरामागं असतो." हे तो कुणाला सांगायचा नाही. मला सांगितलं होतं.

हाच तो माणूस. मला हे पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावं लागतं.

संघटना वाढली तशी विहारामागची खोली पुरेना. आम्ही एका कॉलेजच्या वर्गात भरायला लागलो. मग कार्यालयात नवे साहेब आले, त्यांना आमचं काम आवडलं आणि सरकारी प्रशिक्षणात ते आम्हाला व्यासपीठावर बसवू लागले. चाचा निवृत्त झाले, भाऊ अध्यक्ष झाला. धाकटी सचिव झाली. ती छान बोलायची. माईक हातात आला की तिचा आवाज उजळायचा. मला अभिमान वाटायचा. पाटावर बसून रडणारी ती पोरगी, आणि आता ही.

खाजगी संस्थांच्या कॉलेजांमधून सभासद यायला लागले, घोळक्यानं. एकेका संस्थेची आठ-दहा कॉलेजं, त्यांचे सगळे लिपिक एकदम. आम्हाला आनंद झाला. नंतर कळलं की त्यांना संस्थेनंच पाठवलं होतं, अर्जही संस्थेच्याच ऑफिसात भरले होते. चाचा मला म्हणाले, "बेटी, जो खुद नहीं आया, जिसकू भेजा गया, वो किसका आदमी है?" मी म्हटलं, चाचा, येऊ द्या, हळूहळू आपले होतील. आपले झालेही. फक्त कोण कुणाचं झालं, ते आम्हाला उशिरा कळलं.

जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा शिक्का आणि लेटरहेड नवं करावं लागलं. बैठकीत धाकटी उठली आणि म्हणाली, करतोच आहोत तर संघटनेचंही नाव बदलून घेऊ. लिपिक शब्द काढू. बाहेरच्या राज्यांत, परदेशात या कामाला अधिकारी म्हणतात, व्यवस्थापक म्हणतात, त्यांची मोठमोठी अधिवेशनं होतात. आपणच स्वतःला लहान का म्हणायचं? टाळ्या पडल्या. मी विरोध केला नाही. तिचं म्हणणं मला खोटंही वाटत नव्हतं. लहान म्हणवून घ्यायची हौस कुणाला असते? तर लिपिक गेला, अधिकारी आला, आणि संघटनाही गेली, तिच्या जागी असोसिएशन आलं. पगार आणि टेबल तेच राहिलं.

मग अधिवेशन. जालना रोडवरच्या एका मोठ्या हॉलमध्ये, कमानीला फुगे, दारात गुलाबपाणी. जेवण एका संस्थाचालकांकडून होतं. तसं फलकावरच लिहिलं होतं, त्यांच्या फोटोसह. चाचांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. जेवणाच्या वेळी ते बाजूच्या खुर्चीवर स्वतःचा डबा उघडून बसले. भाऊ त्यांच्याजवळ गेला. "चाचा, जेवा ना. व्हेज आहे समदं."

"डॉक्टर ने मना किया बेटा. बाहरका नक्को बोला."

भाऊ गेल्यावर मी त्यांच्याशेजारी बसले. "काय झालं चाचा, साखर वाढली का?"

"डॉक्टर कायका," ते डब्यातली भाकरी मोडत म्हणाले. "दिल नहीं करता." आणि मलाही भाजी वाढली. मी त्या दिवशी त्यांच्या डब्यातलं जेवले, आणि तेवढ्यावर समाधान मानलं.

माझ्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं तेव्हा एक माणूस माझ्याकडं आला. पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप, सिल्लोड तालुक्यातला. एका तंत्रनिकेतनात शिष्यवृत्तीचं काम बघायचा. त्याचं कॉलेज त्या जेवण देणाऱ्या संस्थेचंच. त्याला सांगितलं गेलं होतं की वर्गात नसलेल्या मुलांचे अर्ज पुढं पाठव. त्यानं दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्या वेळी प्राचार्य त्याच्या टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, पाठव नाहीतर उद्यापासून येऊ नको. त्यानं पाठवले. घरी जाऊन बायकोला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी असोसिएशनच्या नंबरवर फोन केला. धाकटीनं उचलला.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"लेखी द्या म्हणल्या. दिलं. मग म्हणल्या, कार्यकारिणीसमोर ठेवू. दोन महिने झाले मॅडम. माझं पत्र आमच्या प्राचार्यांच्या टेबलावर दिसलं मला."

तो हे शांतपणे सांगत होता. 

मी त्याच संध्याकाळी भाऊच्या घरी गेले. त्यानं चिकलठाण्याला नवा फ्लॅट घेतला होता, चौथ्या मजल्यावर. वहिनींनी पोहे केले. बाल्कनीतून विमानतळाचे दिवे दिसत होते. मी सगळं सांगितलं. भाऊ बराच वेळ पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत राहिला.

"मला माहीत आहे हे," तो म्हणाला.

"मग?"

"ताई, त्या संस्थेचे समदे लोक आपल्याकडं मेंबर आहेत. उद्या त्यांनी हात काढला तर आपण परत विहारामागं. साहेब लोक आपल्याला इचारतात ते कशामुळं? आकड्यामुळं."

"धाकटीच्या वेळी आपण किती जण होतो, भाऊ?"

"तवाची गोष्ट येगळी होती."

"वेगळं काय होतं?"

"तवा आपल्याकडं जायला काही नव्हतं," तो म्हणाला. मग खाली बघत, "आणि त्यानं पाठवलेत ना अर्ज. धाकटीनं पाठवले नव्हते. त्यानं स्वतःच्या हातानं पाठवले."

"त्याला नोकरी घालवायची धमकी दिली होती."

"समद्यांनाच देतात, ताई."

वहिनी आतून पाणी घेऊन आल्या म्हणून तो थांबला. मी उठले. लिफ्टपर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, "तुम्ही पुढच्या वर्षी घरी बसणार. मला अजून हे चालवायचंय." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, उलट थोडी विनवणी होती. मला ती विनवणी रागापेक्षा जास्त लागली.

मी ठरवलं की पुढच्या अधिवेशनात खुल्या चर्चेत उभं राहून बोलायचं. कुणाची नावं न घेता, पण सगळ्यांसमोर. तंत्रनिकेतनातल्या त्या माणसाला मी सांगितलं, तू ये, मागं बस, काही बोलू नको, मी बोलते. तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

खुली चर्चा दुपारी होती. त्याच्या आधीच धाकटीनं माईकवरून जाहीर केलं की असोसिएशनच्या संस्थापक सदस्यांचा सत्कार आता होणार आहे, आणि माझं नाव घेतलं. मला कुणीही आधी सांगितलं नव्हतं. दोन मुली येऊन मला दोन्ही बाजूंनी धरून व्यासपीठावर घेऊन गेल्या. ज्यांच्या संस्थेविषयी मी बोलणार होते, तेच संस्थाचालक शाल उलगडून उभे होते. शाल खांद्यावर पडली, नारळ हातात आला, सन्मानचिन्ह काखेत. फोटोवाला म्हणाला, मॅडम, इकडं बघा.

मी नारळ टेबलावर ठेवला आणि माईक मागितला. धाकटीनं क्षणभर माझ्याकडं पाहिलं. मग दिला.

मी म्हटलं, "ही संघटना आपण एका बाईसाठी काढली होती, जिच्यावर संस्थेनं स्वतःचं पाप ढकललं होतं. आज या हॉलमध्ये मागं एक माणूस बसलाय..."

एवढंच. धाकटीचा हात माझ्या हातावर आला. तिनं माईक काढून घेतला, अगदी हळुवार, जसा म्हाताऱ्या माणसाच्या हातातून गरम कप घ्यावा. आणि हॉलला म्हणाली, "ताईंना भरून आलंय. आपल्या सगळ्यांच्याच भावना दाटून आल्यात. जोरदार टाळ्या होऊ द्या आपल्या ताईंसाठी."

लोक उभे राहिले. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. काही बायकांचे डोळे खरंच भरले होते. भाऊही टाळ्या वाजवत होता, माझ्या पायांकडं बघत. मला भरून आलेलं नव्हतं. पण मी आता काहीही बोलले असते तरी ते भरून आल्यामुळंच असणार होतं. मागच्या रांगेतला तो माणूस उभा राहिला नाही. थोड्या वेळानं बघितलं तर खुर्ची रिकामी होती.

धाकटी मला पार्किंगमध्ये भेटली. कार्यक्रम सोडून मागं मागं आली होती. मी रिक्षा शोधत होते, काखेत ते काचेचं सन्मानचिन्ह.

"ताई, चिडू नका. सगळं मोडलं असतं."

"मोडायलाच पाहिजे होतं."

तिनं मागं हॉलच्या दाराकडं पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही प्रत्येक ठिकाणी माझी गोष्ट सांगता. संघटना माझ्यासाठी निघाली, मी रडत आले होते, कडेवर बाळ होतं. माझं बाळ आता कॉलेजात जातं, ताई. तुम्ही मला वाचवलं, मान्य आहे. पण म्हणून मी जन्मभर वाचवलेलीच राहू का?"

  ती खोटं बोलत नव्हती, आणि तरीही तिनं जे केलं ते मला माफ करता येत नाही. दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी राहतात, भांडलेल्या जावांसारख्या.

तंत्रनिकेतनाची चौकशी पुढच्या महिन्यात लागली. संस्थेनं त्याचंच नाव दिलं. कार्यालयानं असोसिएशनला विचारलं, हा तुमचा माणूस का. असोसिएशननं कळवलं की त्याच्या सदस्यत्वाचं नूतनीकरण झालेलं नाही. खाली सही धाकटीची.

मी त्याच्याबरोबर गेले. त्याच व्हरांड्यात बसलो, आता तिथं बाकडी आली आहेत. आत बोलावल्यावर साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही असोसिएशनकडून का?"

"नाही."

"मग कोण?"

"मी हेच काम करत होते. आता निवृत्त आहे."

"मग तुम्हाला आत थांबता येणार नाही, मॅडम," साहेब नम्रपणे म्हणाले. मी बाहेर आले. तो एकटाच आत गेला. लवकर बाहेर आला. प्राचार्य म्हणाले होते की आम्ही कुणी त्याला काही सांगितलं नाही, आणि त्या टेबलाशी उभं राहून झालेल्या बोलण्याला साक्षीदार कुणी नव्हता. त्याची नोकरी गेली. आता तो सिल्लोडला एका मका व्यापाऱ्याच्या आडतीवर हिशेब लिहितो. दिवाळीला फोन करतो. मी दरवेळी विचारते, मुलं कशी आहेत. तो म्हणतो, बरी आहेत. त्यापुढं आम्ही दोघंही जात नाही.

मी असोसिएशनचा राजीनामा दिला. पोच आली नाही.

यंदा उन्हाळ्यात चाचा गेले. मी सकाळच्या एसटीनं सिल्लोडला गेले. गल्लीत बायकांच्या बाजूला बसले, चाचांच्या सुनेनं पाणी दिलं. कबरस्तानात मिट्टी देऊन पुरुष परत आले, त्यात भाऊ होता. डोक्याला रुमाल बांधलेला. म्हातारा दिसत होता. पलीकडच्या ओट्यावर जागा होती, तिथं आम्ही बसलो.

"गुडघे कसे आहेत, ताई?"

"आहेत."

मग त्यानं विचारलं, "चाचा माझ्यावर नाराज होते का?"

खोटं बोलून त्याला बरं वाटलं असतं. "व्हय," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. रुमाल काढून तोंड पुसलं आणि परत बांधला.

दुपारी एसटी मिळेना. ऊन रणरणत होतं. भाऊ म्हणाला, चला, सोडतो. मी नाही म्हणायला पाहिजे होतं, पण पाय दुखत होते. गाडीत बसले. फुलंब्रीच्या आसपास त्याचा फोन वाजला. गाडीला जोडलेला होता, आवाज सगळीकडं यायचा. धाकटी होती. मी गाडीत आहे हे तिला माहीत नव्हतं. हॉल मिळाला, केटरर ठरायचा आहे, चाचांना श्रद्धांजलीची दोन मिनिटं सुरुवातीला ठेवू, असं ती भराभर सांगत होती. मग म्हणाली, "आणि ताईंना बोलवायचं का या वेळी?"

भाऊनं माझ्याकडं पाहिलं नाही. समोर रस्त्याचं काम चालू होतं, त्यानं गाडी हळू केली.

"बघू," तो म्हणाला, आणि केटररबद्दल विचारलं.